कार्यशाळेचे सर आणि फायबरची बोट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा समितीचा मेसेज आला. खरं सांगतो, शाळा म्हटलं की मला कार्यशाळेचे सरच आठवतात, त्यांच्यापुढे बाकी काही सुचत नाही. इतर शिक्षकांनी राग मानू नये, त्यांच्यावर लिहिणारे बरेच असतील. सरांचं नाव लिहीत नाही, आपल्या वेळचे सगळे ओळखतील.

आमच्या बॅचची बोट बाल्साच्या (एक अगदी हलकं लाकूड) पट्ट्या फ्रेमवर चिकटवून केलेली, दिसायला एकदम झकास, पण हौदात सोडली की जोडांतून पाणी झिरपायचं, बाल्सा फुगायचा आणि जोड अजूनच उघडायचे. सर म्हणाले, हिला फायबर मारू, म्हणजे वरून काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनने (घट्ट होऊन कडक होणारा चिकट द्रव) चिकटवू. आणि पहिलं काम काय दिलं, तर नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, एवढ्या कष्टाने काढलेली धार सँडपेपरने गोल करा! आम्ही भरपूर कुरकुर केली. पण काचेचं कापड टोकदार कडेवरून वळत नाही, उचलतं आणि खाली हवा राहते, हे सरांनी एक तुकडा टेबलाच्या कोपऱ्यावर टाकून दाखवलं, मग काय बोलणार.

तेव्हा आम्ही पॉलिएस्टर रेझिन वापरायचो, त्यासोबत कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून) आणि कॅटॅलिस्ट (घट्ट होणं सुरू करणारं रसायन) अशा दोन बाटल्या. सर त्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवायचे. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं आणि अगदी शेवटी कॅटॅलिस्ट, रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. हे दोन थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, स्फोटसुद्धा होऊ शकतो. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळाच जायची भीती, म्हणून गॉगल नसेल तर बाटलीला हात लावायचा नाही, मग मुख्याध्यापक का असेनात.

एक दिवस सरांनी मुद्दाम थोडं जास्त रेझिन कालवलं. अर्धं एका जुन्या फरशीवर पातळ पसरलं, अर्धं कागदी कपात तसंच ठेवलं आणि म्हणाले, हात लावू नका, नुसतं बघा. थोड्या वेळाने कपातलं रेझिन घट्ट व्हायला लागलं, मग कप तापला, आतून तडकल्याचा आवाज आला आणि चक्क धूर! सरांनी पकडीने कप उचलून मैदानात नेऊन ठेवला. फरशीवरचं मात्र अजून बोटाला चिकटत होतं. घट्ट होताना रेझिन स्वतःच उष्णता सोडतं, कपात ती कोंडते, तापलं की ते अजून भराभर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि पसरट भांड्यात ठेवायचं. फळ्यावर एक अक्षर न लिहिता शिकवलं हे.

मग प्रत्यक्ष बोट. पांढरं कापड ठेवलं, ब्रशने रेझिन ठोकत ठोकत लावलं (ब्रश ओढायचा नाही, कापड सरकतं), आणि बघता बघता कापड पारदर्शक होऊन खालच्या लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या. आम्ही सगळे त्या चकाकीवर खूश. तेवढ्यात सरांनी जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि वरचं रेझिन सरळ खरवडून काढायला सुरुवात केली! ताकद कापडाची आहे, रेझिन फक्त त्याला धरून ठेवतं, जास्तीचं म्हणजे नुसतं वजन आणि वर ठिसूळ, असं त्यांचं म्हणणं. कापडाची वीण हाताला लागली पाहिजे म्हणायचे. कडेचं कापड चामड्यासारखं झालं की तेव्हाच ब्लेडने कापायचं, पूर्ण कडक झालं की करवत घ्यावी लागते. त्यानंतर बोटीत पाणी शिरलं नाही.

आज मी खऱ्या बोटींचे हल (बोटीचा बाहेरचा सांगाडा) बनवणाऱ्या वर्कशॉपचा प्रमुख आहे, हे जरा मिरवतोच. आम्ही कोरडं कापड साच्यात अंथरतो, वरून प्लॅस्टिकने सील करतो, पंपाने हवा खेचतो आणि मग रेझिन आत सोडतो, म्हणजे शेवटी सरांच्या पुठ्ठ्याचंच काम, कापड जास्त रेझिन कमी. एका बाबतीत मात्र सरांशी वाद घातला असता, लाकडावर मी आता इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिनच वापरतो, पॉलिएस्टर लाकडाला तेवढं धरत नाही. आणि आपण तोंडाला रुमाल बांधून घासायचो तेही चूकच, त्या धुळीला चांगला मास्क हवा आणि पाणी लावून घासलं तर अजून बरं.

कार्यशाळेत आता कॉम्प्युटर लॅब आहे असं ऐकलं. कॉम्प्युटर हवेतच, पण त्यासाठी तीच खोली कशाला? ते लाकडी टेबल तरी कुठे ठेवलंय कुणाला माहीत असेल तर कळवा. समितीला विनंती, महिन्यातून एखादा शनिवार मी यायला तयार आहे, आठवीच्या पुढची मुलं द्या आणि भरपूर खिडक्या असलेली कुठलीही खोली द्या, हातमोजे, मास्क, गॉगल, रेझिन सगळं मी घेऊन येतो.