पिवळा बाण

फ्रान्समधून पिरनीज पर्वत ओलांडून स्पेनमधल्या रोन्सेसव्हायेसला उतरलो तेव्हा पाऊस होता, एवढंच आठवतं. पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत. पहाटे अंधारात पिशवी बांधायची, वाट दाखवणारा पिवळा बाण शोधायचा, चालायचं, आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामघरात, शिक्का घ्यायचा, पाय धुवायचे. सेंट-जाँपासून सान्तियागोपर्यंत सुमारे 780 किलोमीटर, संत याकोबाच्या कबरीपर्यंतची वारी. मी संतांपुढे गुडघे टेकणाऱ्या घरातली नाही. पण चालत प्रार्थना करायची माझी ओढ जुनी आहे.

खिशात कापडी पुरचुंडीत एक दगड होता, यात्रेकरू मनातलं ओझं म्हणून वाटेवरच्या लोखंडी क्रुसापाशी ठेवतात तसा. बाबांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही माझी होती. डॉक्टरांनी धोका सांगितला होता, आई नको म्हणत होती, हट्ट मी धरला. बाबा परत शुद्धीवर आलेच नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली. दर प्रभुभोजनाआधी मी त्याची क्षमा मागत आले आहे.

नाहेराच्या रात्री शेजारच्या खाटेवर एक पोलिश बाई इतकी घोरत होती की मी रागाने रडले. देवाच्या वाटेवर एका झोपलेल्या माणसाचा एवढा राग! पहाटे तिच्या आधी निघायचं म्हणून घाईघाईने सामान भरलं आणि अझोफ्राला पोहोचल्यावर लक्षात आलं, पुरचुंडी उशाखालीच राहिली.

परत फिरले. सहाएक किलोमीटर. उजव्या टाचेला फोड आला होता, तो याच परतीच्या वाटेवर फुटला. द्राक्षमळ्यांतून लाल मातीची वाट, ऊन वर आलेलं, आणि समोरून येणारा प्रत्येक जण मला हाताने ‘उलट, उलट’ खुणावतोय. एका फाट्यावर मी थांबले. सकाळी इथून आरामात आले होते, आता कुठली वाट ते कळेना. बाण दिसेना. दगडाला वळसा घालून पाहिलं तर बाण होता, पलीकडच्या अंगाला. ते बाण येणाऱ्याला दिसावेत म्हणून काढलेले असतात, मागे जाणाऱ्यासाठी नाहीत.

याच वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे फादर एलियास वालिन्या यांनी 1984 साली पिवळा रंग घेऊन या खुणा करायला सुरुवात केली. एकाही बाणावर सगळा रस्ता दिसत नाही, फक्त पुढचं वळण. ‘कोठे जातो हे ठाऊक नसता’ निघालेल्या अब्राहामाचं बायबलमधलं वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आले, पण त्या फाट्यावर ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मला माझा दगड हवा होता.

तेवढ्यात ती घोरणारी बाई समोरून आली. हातात माझी पुरचुंडी. काही बोलली नाही, बोलली असती तरी मला कळलं नसतं. माझा पाय पाहून तिने मला बांधावर बसवलं, स्वतः मातीत बसली, माझी टाच मांडीवर घेतली. सुई काडीपेटीच्या ज्योतीवर धरली. फोडाच्या उरलेल्या भागातून पाणी काढलं, पुसलं, पट्टी लावली, मोजा स्वतः चढवला. धुळीने माखलेला माझा पाय, आणि ती त्यावर वाकलेली. शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूची आठवण यायला मला उशीर लागला, कारण आधी लाज वाटली. मग तिने मला खांद्याला धरून उठवलं आणि तोंड पश्चिमेकडे वळवलं.

बुर्गोस, लेऑन मागे पडले. लेऑनच्या कॅथेड्रलच्या रंगीत काचा सुंदर आहेत, पण त्या दिवशी मला झोप हवी होती.

लोखंडी क्रूस सुमारे पंधराशे मीटर उंचीवर आहे: उंच लाकडी खांब, टोकावर लहानसा क्रूस, पायथ्याशी दगडांची रास. तिथे सायकलवाल्यांची गर्दी, फोटो. मनात योजलेली प्रार्थना आठवेना. चिडले, दगड ठेवला आणि निघाले.

एल असेबोच्या उतारावर, सुट्या दगडांवर पाय जपून टाकताना, तोंडातून आपोआप निघालं, “प्रभू, ती सही आता तुझ्याकडे.” अकरा वर्षं मी क्षमा मागत होते. त्या उतारावर ती घेतली. खूप रडले, आणि रडतानाही पुढचा बाण कुठे आहे ते पाहत राहिले.

गुडघे दुखत होते. सान्तियागो अजून दोनशेच्या वर किलोमीटर होतं.