भिंतीवरचा माड

व्हिएन्नाहून तासाभराची आगगाडी, मग थोडी चढण. मेल्कचा मठ खालून दिसला तशी मी म्हणाले, "हा तर गड!" फारसं चुकलं नव्हतं. डॅन्यूबकाठच्या या कड्यावर आधी, तेव्हा ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या बाबेनबर्ग घराण्याचा किल्लाच होता. दुसऱ्या लिओपोल्डने १०८९ साली तो बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना देऊन टाकला. आजची इमारत अठराव्या शतकातली, याकोब प्रांटाउअरने आखलेली. रंग असा पिवळा, की ऊन पडलं आणि मला जेजुरी आठवली.

आत डोळे दिपतात. सोन्याचा मुलामा, लाखभर ग्रंथ, छतभर चित्रं. संगमरवरी दालनात कळलं, की खरा संगमरवर फक्त दारांच्या चौकटींना. भिंती म्हणजे घोटून दगडासारखा केलेला गिलावा. ऐकून बरं वाटलं. साधूंनाही हात आखडता घ्यावा लागतो तर!

पण माझा पाय अडकला तो बागेत. लिंडनच्या जुन्या झाडांची सावली, आणि एका टोकाला छोटासा बागमहाल, १७४७-४८ मधला. कडक उपास आणि रक्तमोक्षण (उपचार म्हणून अंगातलं रक्त काढणं) झालं, की साधूंनी इथे येऊन विसावायचं. पुढे १७६३-६४ मध्ये योहान बर्गलने आतल्या भिंती रंगवल्या. कुठे देवदूत, कुठे संत असतील म्हणून मी मान वर केली, तर समोर ताडामाडाच्या जातीची झाडं, रंगीत पाखरं, डोक्यात पिसं खोवलेली परमुलखातली माणसं!

बेनेडिक्टाइन साधू दीक्षा घेताना एक व्रत घेतो: या मठात आलो, आता इथेच राहायचं, मरेपर्यंत. मग खिडकीतून तीच नदी, तेच डोंगर, तोच हिवाळा. अशांच्या विश्रांतीच्या खोलीत कुणीतरी अख्खं जग आणून ठेवलं. आणि आम्ही दहा दिवसांत चार देश उरकायला निघालेले. माझ्या फोनमध्ये त्या दिवशीचे दोनशे फोटो आहेत. तिथल्या नदीचा रंग विचाराल तर सांगता यायचा नाही.

तिथेच आता कॅफे आहे. कॉफी येईपर्यंत आमचे हे त्या रंगवलेल्या झाडाकडे टक लावून बसले होते. जन्म गेला गुहागरला. शेवटी म्हणाले, "झावळ्या बघ. याने माड पाहिलेला नाही, फक्त ऐकलेला आहे."