रेझोल्यूटच्या रोजच्या बिल्ड : गुपचूप बिघडणाऱ्या गोष्टींची चाचणी

उबुंटू 26.04, म्हणजे ‘रेझोल्यूट’, एप्रिल 2026 ची एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती. तिची रोजची बिल्ड (त्या दिवशीच्या कोडवरून बनलेली चाचणी-प्रत) इन्स्टॉल होते का, डेस्कटॉप उघडतो का, हे बघायला माणसं पुष्कळ आहेत आणि स्वयंचलित चाचण्याही आहेत. म्हणून या फेरीत आम्ही भर दिलाय तो कुठलीही एरर न दाखवता बिघडणाऱ्या गोष्टींवर. कारण 25.10, म्हणजे ऑक्टोबर 2025 ची उबुंटू.

त्या आवृत्तीत जीएनयू कोअरयुटिल्सच्या (‘डेट’सारख्या मूलभूत आज्ञांच्या संचाच्या) जागी रस्टमध्ये लिहिलेलं यूयुटिल्स आलं आणि अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोच्या जागी सुडो-आरएस. मे 2025 पासून दरमहा स्नॅपशॉट निघाले, 9 ऑक्टोबरला आवृत्ती बाहेर पडली, आणि त्यानंतर कळलं की नवी अपडेट आली का हे सिस्टिम आपणहून बघतच नाहीये. मुळाशी होता ‘डेट’ आज्ञेचा ‘-आर’ हा पर्याय. त्याला फाइल दिली की ती शेवटची कधी बदलली ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. नवी ‘डेट’ तो पर्याय निमूट गिळायची आणि आत्ताची वेळ छापायची. अ‍ॅप्टची, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमची, रोजची स्क्रिप्ट आपल्या स्टँप-फाइलचं (शेवटची तपासणी कधी झाली ते दाखवणाऱ्या फाइलचं) वय याच मार्गाने काढते. स्टँप कायम ताजाच दिसला, तर स्क्रिप्ट कशाला हलेल? हाताने अपडेट करणाऱ्याचं काहीच अडलं नाही, आणि चाचणी करणारे तर दिवसातून दोनदा हातानेच अपडेट करतात! त्यामुळे तिकडे कुणाची नजर गेली नसावी.

यावरून बेतलेल्या दोन तपासण्या आता प्रत्येक बिल्डवर ठरलेल्या आहेत. पहिली चुटकीसरशी होते: ‘टच -डी’ने एका कोऱ्या फाइलला 1 जानेवारी 2020 ही तारीख द्यायची आणि ‘डेट -आर’ व ‘स्टॅट’ (फाइलची माहिती दाखवणारी आज्ञा) यांची उत्तरं जुळवून बघायची. तुमच्या बॅकअपच्या आणि सफाईच्या स्क्रिप्टमध्ये ज्या आज्ञा कमी वापरातले पर्याय घेऊन येतात, त्या सगळ्यांना हाच न्याय लावा. 24.04 च्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तीच आज्ञा चालवून दोन्हींचं आउटपुट फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ला द्यायचं.

दुसरीला चिकाटी लागते. व्हर्च्युअल मशीन चालू ठेवायची आणि अ‍ॅप्टला अजिबात हात लावायचा नाही. अ‍ॅप्टचा रोजचा टायमर सकाळी आणि संध्याकाळी 6 ला लागतो, पण त्यावर 12 तासांपर्यंतचा रँडम उशीर असतो. म्हणून रात्रभर ठेवून निष्कर्ष काढू नका, पुरते दीड दिवस जाऊ द्या. मग अ‍ॅप्टच्या ‘पीरिऑडिक’ फोल्डरमधल्या स्टँपची वेळ ‘स्टॅट’ने बघायची, ‘डेट’ने नव्हे. मशीन पॉज केली तर तो वेळ धरायचा नाही.

डाउनलोडबद्दल थोडं. उबुंटूच्या डाउनलोड साइटवर ‘पेंडिंग’ फोल्डरमध्ये सगळ्यात ताजी बिल्ड असते, ‘करंट’मध्ये प्राथमिक चाचणी पास झालेली. मुद्दाम डोकेदुखी हवी असेल तरच पेंडिंग घ्या. आयएसओ 5-6 जीबीची, म्हणून झेडसिंक वापरा. जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये असली की बदललेले तुकडेच उतरतात. तो जुनी प्रत ‘झेडएस-ओल्ड’ शेपूट लावून ठेवतो आणि ती पुढच्या वेळी झाकली जाते, तेव्हा हवी असलेली बिल्ड आधीच बाजूला काढा. फाइलचं नाव रोज तेच असतं. नेमकी तारीख आयएसओतल्या ‘डॉट-डिस्क’ फोल्डरच्या ‘इन्फो’ फाइलमध्ये मिळते. बग नोंदवताना तीच द्या. ‘आज उतरवलेली’ या वर्णनाचा डेव्हलपरला काडीचा उपयोग नाही.

व्हर्च्युअल मशीनला 2 कोअर, 6 जीबी रॅम, 25 जीबी डिस्क पुरते. फर्मवेअर मात्र यूईएफआयचं निवडा, नाहीतर बूटलोडरची चाचणी झालीच नाही असं समजा. व्हर्च्युअल मशीनची मूळ डिस्क-फाइल (क्यूकाऊ2) तशीच ठेवून तिच्यावर ओव्हरले, म्हणजे फक्त बदल साठवणारी वेगळी फाइल, घ्या. बिघडलं की ओव्हरले उडवायचा. सस्पेंड, वायफाय, ग्राफिक्स हे खऱ्या यंत्रावरच कळतं. तिथे वेगळी एसएसडी लावा आणि रोजच्या कामाची डिस्क काढून ठेवा किंवा बायोसमधून बंद करा, म्हणजे तिच्या ईएफआय पार्टिशनला धक्का लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

अपग्रेड करताना अ‍ॅप्टला आधी ‘-एस’ लावून नुसतं सोंग करून बघा. काढून टाकायच्या यादीत ‘उबुंटू-डेस्कटॉप’ किंवा ‘ग्नोम-शेल’ दिसलं तर थांबा. आर्काइव्हमध्ये एखादं ट्रान्झिशन (एकमेकांवर अवलंबून पॅकेजं एकत्र बदलण्याचं काम) अर्धवट असतं, एक-दोन दिवसांत बहुधा आपोआप सुटतं. आणि ‘प्रपोज्ड’, म्हणजे अजून तपासणीत असलेल्या पॅकेजांचा साठा, सरसकट चालू करू नका. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन प्रोग्रॅममधला बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) उघडकीला आला तेव्हा घातकी पॅकेज उबुंटूत फक्त 24.04 च्या प्रपोज्डपर्यंत पोचलं होतं. तरीही खबरदारी म्हणून पॅकेजं नव्याने बिल्ड करावी लागली आणि बीटा आवृत्ती 4 एप्रिलवरून 11 एप्रिलवर गेली.

आता मराठीची तपासणी. हीसुद्धा गुपचूप बिघडणाऱ्यांतलीच; इतर भाषांच्या टेस्टरला हा बिघाड दिसत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी टाइप करा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर पहिल्यासाठी ओ, जे, डी, स्लॅश, ई. दुसऱ्यासाठी फक्त ‘जे’च्या जागी शिफ्ट-जे. पहिल्यात रफार यायला हवा, दुसऱ्यात आडवा अर्धा र. दुसऱ्यात नुक्त्याचा र आणि खाली सुटा हलन्त दिसला तर फॉन्ट किंवा शेपिंगमध्ये (जोडाक्षरं घडवण्यात) गडबड आहे. अक्षरंच उमटली नाहीत, किंवा शेवटचा काना पुढच्या शब्दाला चिकटला, तर संशय टायपिंग हाताळणाऱ्या आयबसवर. हा फरक ओळखून मगच योग्य पॅकेजवर बग टाका. जोडी टर्मिनल, टेक्स्ट एडिटर, लिब्रेऑफिस आणि स्नॅपमधला फायरफॉक्स अशा चारही ठिकाणी टाइप करायची, कारण इनपुट प्रत्येकाकडे वेगळ्या वाटेने पोचतं. 25.10 पासून ग्नोम डेस्कटॉपचं एक्स11 (जुन्या ग्राफिक्स पद्धतीचं) सेशन गेलंय, त्यामुळे ‘तात्पुरतं एक्सवर जाऊ’ ही पळवाट बंद.

बग नोंदवायला ‘उबुंटू-बग’ आणि पुढे पॅकेजचं नाव. लॉग तो स्वतः जोडतो. यंत्र गोठून रीस्टार्ट करावं लागलं असेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -1’ने आधीच्या बूटचा लॉग काढून वेगळा जोडा.

पुढची फेरी ड्रॅकटची, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी सिस्टिम बनवणाऱ्या प्रोग्रॅमची. 25.10 पासून डेस्कटॉपवर इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या जागी तो आहे आणि जुन्या पद्धतीच्या हुक-स्क्रिप्ट त्याला कळत नाहीत. आधी एन्क्रिप्टेड डिस्कवर साधं बूट, मग पासफ्रेजच्या पडद्यावर कोणता कीबोर्ड लेआउट लागतो ते. पासफ्रेज इंग्रजी लेआउटमध्येच ठेवा.