व्हिसा होता, तरी काउंटरवरूनच परत

इंडोनेशियाला जायचं म्हणून सगळी तयारी झाली होती, व्हिसा हातात, हॉटेल बुक, बॅगेचं वजन घरीच दोनदा केलेलं, आणि चेक-इन काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, शेवटची तारीख बघितली, बोटावर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "सहा महिने नाही भरत." पाच महिने आणि वर थोडे दिवस उरले होते. तिथे उतरतानापासून पासपोर्टला किमान सहा महिने शिल्लक हवेत हा नियम मी वाचलेलाच नव्हता, कारण माझं सगळं लक्ष व्हिसावर.

मी हुज्जत घातली अर्थात. पण त्यांच्या स्क्रीनवर 'टायमॅटिक' उघडलं होतं, विमान कंपन्या कागदपत्रांचे नियम त्यातच बघतात, आणि चुकीच्या कागदांवर कुणाला नेलं तर परत आणायची जबाबदारी कंपनीचीच, बऱ्याच देशांत वर दंड पण. मग कोण कशाला रिस्क घेईल? म्हणजे आपली पहिली बॉर्डर म्हणजे हे काउंटरच, इमिग्रेशन ऑफिसर नंतर. व्हिसा असूनही तो नाही म्हणू शकतो हा भाग वेगळाच.

तेव्हापासून मला तारखा मोजायचं वेडच लागलंय. शेंगेनचं, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचं, तर विचारूच नका. तिथे बाहेर पडायच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने चालू हवा, आणि तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. त्यात ते १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं. लोकांना वाटतं सहा महिने झाले की मीटर शून्य. तसं नाहीये, तिथल्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे आणि जायचा-यायचा दिवस पण धरायचा. समजा १ जानेवारीपासून ६० दिवस राहिलात आणि १ मे ला परत गेलात, तर हातात फक्त ३० दिवस, म्हणजे ३० मे ला बाहेर. मग जानेवारीतला पहिला दिवस हिशोबातून गळतो तो थेट ३० जूनला, तोपर्यंत आत नो एन्ट्री. आधी शिक्के पुसट असायचे, पानं उलटून शोधावे लागायचे, पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन ही नोंद कॉम्प्युटरवर जायला लागली, त्यामुळे शिक्का दिसला नसेल वगैरे आशा सोडा.

आणि व्हिसाचा स्टिकर नीट वाचा हो! तारखा 'या दिवसापासून या दिवसापर्यंत' लिहिल्यात म्हणून तेवढे सगळे दिवस राहता येतं असं नाही, दिवसांचा आकडा वेगळा छापलेला असतो. एन्ट्रीच्या जागी ०१ असेल तर मधेच दोन दिवस शेंगेनबाहेर लंडनला जाऊन परत पॅरिसला येणं विसरा.

यलो फीव्हरची लस कुठे लागत असेल तर निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, आधी सर्टिफिकेट धरतच नाहीत. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, हीच काय ती एक सुखाची गोष्ट.

कायमचं शिफ्ट होणाऱ्यांचं दुखणं निराळं. पोलिस सर्टिफिकेट, जन्माचा दाखला, वर अपोस्टिल (म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून सरकारी शिक्कामोर्तब), कुठे कुठे अधिकृत भाषांतर, आणि एक कागद येईपर्यंत दुसरा जुना होतो. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का ते मात्र आधी बघा, अपोस्टिलनंतर कळलं तर सगळं पहिल्यापासून.

माझं पुढे काय झालं, तर पासपोर्ट नवीन काढला. पण अमेरिकेचा व्हिसा जुन्यातच राहिला, तो अजून चालू आहे, जुना पासपोर्ट संपला तरी चालतो फक्त दोन्ही जवळ लागतात. म्हणून आता दोन पासपोर्ट रबर बँड लावून फिरतो, आणि काउंटरवर दर वेळी आधी संपलेलाच उघडला जातो.