काहीच घडत नाही म्हणे

आज पुन्हा तेच ऐकलं. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी 2' या भयपटात काहीच घडत नाही म्हणे. एवढ्याशा वाक्याचं इतकं का लागावं? पण लागलंय खरं. आवडत्या सिनेमाची बाजू घ्यायला दरवेळी एकट्यानेच उभं राहायचं.

ओरेन पेलीने पहिला भाग स्वतःच्या घरात साधारण 15 हजार डॉलरमध्ये केला, त्याचं कौतुक सगळ्यांना आहे. टॉड विल्यम्सचा 2010चा हा दुसरा भाग 30 लाख डॉलरचा. हॉलिवूडच्या मानाने हेही किरकोळच. पण याच्याकडे 'पैशांसाठी काढलेला' म्हणूनच बघायचं.

काहीच घडत नाही? घरात बसवलेले सुरक्षा कॅमेरे जागचे हलत नाहीत, कुठे बघायचं ते सांगत नाहीत. स्विमिंग पूल, दार, स्वयंपाकघर, बाळाची खोली. रोज रात्री तेच. सुरुवातीला कंटाळा येतो आणि तो यावाच लागतो, त्याशिवाय घर पाठ होत नाही. एकदा पाठ झालं, की पूल साफ करायचं यंत्र सकाळी पाण्याबाहेर दिसलं तरी पोटात गोळा येतो. फोनवर बघणाऱ्याचं इथेच सगळं हुकतं. संकटाआधीची ती खोल घरघर फोनच्या स्पीकरला झेपत नाही आणि कोपऱ्यातला अंधार नुसता काळा डाग होतो. हेडफोन लावावेत, दिवे घालवावेत, मध्ये थांबवू नये. रात्रींची भीती बसली की दिवस सुरक्षित वाटायला लागतो. आणि मग भर दिवसा, बाळाची आई क्रिस्टी एकटी स्वयंपाकघरात असताना, सगळी कपाटं एका फटक्यात उघडतात.

पण माझा जीव अडकतो तो घरकामाला असलेल्या मार्टीनपाशी. आपल्याकडे तिन्हीसांजेला ऊद फिरवतात तसा ती घरात धूर करते, म्हणून क्रिस्टीचा नवरा डॅन तिला कामावरून काढतो. सैतानाने झपाटलेली बायको हातची जाते आहे हे कळल्यावर तिलाच बोलावतो. तिच्या उपायाने क्रिस्टी सुटते, तेवढ्यापुरती. पीडा जाते सख्ख्या मेव्हणीच्या, केटीच्या गळ्यात. पहिल्या भागात माळ्यावर सापडलेला केटीचा अर्धवट जळका फोटो आठवतो ना? तो इथे, पहिल्या भागाच्या आधी, डॅन जाळतो. म्हणजे पहिल्या भागात केटी आणि तिचा मित्र मायका यांच्यावर जे कोसळलं, ते घरच्याच माणसाने लोटलेलं होतं. पहिला सिनेमा यानंतर पूर्वीसारखा बघताच येत नाही. याला काहीच घडलं नाही म्हणायचं?

तिसऱ्या भागातला फिरत्या पंख्यावरचा कॅमेरा सगळ्यांना आवडतो. मलाही. तरी... असो.

जाऊ दे. जेवता जेवता, थांबवत थांबवत बघितला तर यात खरंच काही सापडणार नाही, आणि बहुतेक लोक तसाच बघणार. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर वाद घालणार नाही. फक्त फोटो कुणी जाळला ते विचारेन.