पहिल्याच दिवशी गाडी चालू झाली पाहिजे

१९९६ साली मी दहावी नापास झालो आणि निकालाच्या चौथ्या दिवशी वडिलांनी मला सोलापुरातल्या एका गॅरेजवर नेऊन सोडलं. पहिली दोन वर्षं मी रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुतले. उस्ताद काम करायचे, मी लांबून बघायचो. विचारलं तर उत्तर मिळायचं, "आधी हात काळे होऊ देत." हात काळे झाले, कामही आलं, पण ते चोरून बघून आलं. काम असंच शिकायचं असतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

२००४ मध्ये बार्शीत पत्र्याचं शेड घेतलं आणि स्वतःचं गॅरेज टाकलं. गाड्या वाढत गेल्या, पण हाताखाली माणूस मिळेना. म्हणून २०१३ च्या जूनमध्ये दुचाकी दुरुस्तीचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू केला. पहिल्या बॅचला आठ मुलं आली, सगळी आसपासच्या खेड्यांतली. सकाळी दोन तास फळ्यावर शिकवायचो : फोर स्ट्रोक म्हणजे काय, कार्बोरेटरचे भाग किती. दिवसभर पोरं पार्ट धुवायची, पाने पुसून ठेवायची, चहा आणायची. दिवाळीला गावाकडं गेली आणि आठातली तीनच परत आली.

मी ज्याला त्याला सांगत होतो की आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. मग गेलेल्यांपैकी एकाची आई त्याचा राहिलेला डबा आणि चपला न्यायला आली. मी तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, पोरगं उन्हातान्हात खुरपायला जातंय, कष्टाला नाही भीत. पण चार महिने झाले, घरी येऊन एकदासुद्धा म्हणालं नाही की आज मी गाडी चालू केली." एवढं बोलून ती डबा घेऊन गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सोलापुरात दोन वर्षं मीही घरी जाऊन काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या बॅचपासून एक नियम केला, तो आजपर्यंत मोडलेला नाही. वर्गात आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातून पहिल्याच दिवशी एक बंद गाडी चालू झाली पाहिजे. आदल्या रात्री मी जुन्या गाड्यांना काजळी धरलेले प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारे भाग, लावून ठेवतो. सकाळी मुलगा दहा-बारा किका मारतो, गाडी दाद देत नाही. मग त्याला प्लग पाना देतो. प्लग काढायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीनं, प्लगच्या टोकांमधला ०.७ मिलिमीटरचा गॅप बघायचा. प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची. अंधार करून ती निळी ठिणगी मी त्याला दाखवतो. मग प्लग आधी हातानं आटे बसवून, नंतर पान्यानं आवळायचा. पुन्हा किक. गाडी धरते, आणि पोराचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्या दिवशी मी सिद्धांत शिकवत नाही. दुसऱ्या दिवशी पोरंच विचारतात की ठिणगी येते कुठून, आणि मग मॅग्नेटो, सीडीआय, कॉइल हे ठिणगीमागचे सगळे भाग समजावायला सोपं जातं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोरं विसरत नाहीत. न विचारता सांगितलेलं आठवड्यात विसरतात.

तो पहिला प्लग मी फेकू देत नाही. मागच्या भिंतीवर फळी आहे, तिथं तारेनं बांधतो, खाली नाव आणि तारीख. आज तिथं १३४ प्लग आहेत.

पार्ट अजूनही धुवावेच लागतात. पण आता जो धुतो, तोच ते जोडतो. कार्बोरेटरचा पायलट जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, चोंदला की गाडी आयडलिंगला, उभ्या जागी चालू, राहत नाही, बंद पडते. ते बारीक भोक उजेडाला धरून ज्यानं स्वतः बघितलंय, त्याला नीट धू म्हणून सांगावं लागत नाही.

माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या मनात गणिताची भीती असते. दहावीला तिथंच अडकलेली असतात, आणि आपल्याला डोकं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं. ही गाठ सुटल्याशिवाय पोराचं मन कशातच लागत नाही, हा माझा अनुभव आहे. एका मुलानं तर मला आल्या आल्या सांगितलं होतं, "दादा, हिशेबाचं काही देऊ नका." त्याच्यासमोर जुन्या स्प्लेंडरचं हाफ इंजिन उघडं होतं. मी त्याच्या हातात बारीक मापाचा व्हर्नियर दिला आणि बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, मोजायला लावला. ५० मिलिमीटर. मग पिस्टन पार खाली नेऊन व्हर्नियरच्या मागच्या पट्टीनं खोली घेतली, पिस्टन वर आणून परत घेतली. फरक ४९.५. आता कागद घे, म्हटलं. पन्नासचे निम्मे पंचवीस, पंचवीस गुणिले पंचवीस, गुणिले ३.१४, गुणिले ४९.५. मोबाइलवर त्यानं आकडा काढला, घन सेंटिमीटर म्हणजे सीसी करायला हजारानं भागला. ९७.१४ आला. मग मी त्याला गाडीचं आर.सी. बुक उघडायला सांगितलं. तिथं लिहिलं होतं, ९७.२ सीसी. तो बराच वेळ कधी कागदाकडं, कधी आर.सी. बुकाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सीसी हे असतंय होय!" तो कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला. पुढं तोच बाकीच्यांना व्हर्नियर शिकवायचा. आता कुर्डुवाडीत त्याचं स्वतःचं गॅरेज आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगायला जड जाते. एका मुलानं ऑइल बदललं, ड्रेन बोल्ट हातानं लावला, आणि तेवढ्यात मी त्याला दुसऱ्या कामाला हाक मारली. पान्यानं आवळायचं राहून गेलं. गिऱ्हाईक वैरागच्या वाटेवर असताना बोल्ट गळून पडला, ऑइल सांडलं, इंजिन जाम झालं. गाडी टेम्पोत घालून आली. मी सगळ्यांसमोर त्या पोराला नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मग मी त्याच्या गावी गेलो. तो गोठ्यात होता. त्याला म्हटलं, "बाळा, हाक मी मारली होती. अर्धी चूक माझी." तो काहीच बोलला नाही, पण सकाळी आला. ते इंजिन आम्ही दोघांनी मिळून खोललं. पिस्टनवरचे ओरखडे, निळा पडलेला पिन, सगळं त्याला हातात घेऊन बघायला लावलं. ब्लॉक-पिस्टनचा खर्च मी केला, त्याच्याकडून रुपया घेतला नाही. जोडणी पूर्ण त्याची. गाडी मालकाला देताना मी त्यालाच पुढं केलं. तेव्हापासून आमच्याकडं आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ ओढतात, आणि ती सूचना त्याची होती. मी गावी गेलो नसतो तर फळीवरच्या त्याच्या प्लगकडं मला बघवलं नसतं. चुकल्यावर आपण पोराशी कसं वागतो, हे बाकीची पोरं टक लावून बघत असतात. आपल्यावर वेळ आली तर काय होईल, याचा अंदाज ती त्यावरून बांधतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, तेही ऐन लॉकडाउनमध्ये. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजेक्टर, सेन्सर, टाकीतला पंप, मीटरमधला चेक इंजिनचा पिवळा दिवा, यातलं मला काहीच येत नव्हतं. चोवीस वर्षांचा माझा हात नव्या गाडीपुढं थांबला. गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर विकत घेतला, तो आणि मल्टीमीटर मुलांच्या समोर ठेवले आणि सरळ सांगितलं की हे मलाही येत नाही, आपण बरोबरच शिकू. मान जाईल अशी भीती होती. झालं उलटंच. पोरं रात्री मोबाइलवर वायरिंगच्या आकृत्या शोधून सकाळी मला दाखवायला लागली. त्या बॅचमधला एकही मुलगा गळाला नाही.

पैशाचंही सांगतो. चौथ्या महिन्यापासून मुलानं केलेल्या प्रत्येक सर्व्हिसिंगच्या मजुरीतला वाटा त्याचा. शनिवारी पाकिटात घालून, वर नाव लिहून देतो. हिशेब माझी बायको ठेवते, आणि रक्कम छोटी असली तरी पाकीट चुकू देत नाही. जॉब कार्डावर सहीसुद्धा मुलाचीच असते.

तरीही काहींचं मन नाहीच लागत. दोन महिन्यांनीही ज्याला ग्रीसचा कंटाळा येतो, त्याला मी धरून ठेवत नाही. वडिलांना बोलावून सांगतो आणि राहिलेली फी परत करतो. त्यातला एक आज मोबाइल दुरुस्तीत चांगला रमलाय.

गेल्या तीन वर्षांत दोन मुलीही शिकून गेल्या. दोघींचाही हात स्कूटरच्या क्लचवर माझ्यापेक्षा हलका आहे.

आता जूनची बॅच बारा जणांची आहे, दहा नावं आलीत. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी नऊच्या आत यावं, जुने कपडे घालून. पहिल्या दिवसाच्या गाड्या मी आदल्या रात्रीच बंद करून ठेवलेल्या असतात.