घोडे कुठल्या बाजूने पळतात, आणि त्यापुढचे सगळे प्रश्न

मी घोड्यांची डॉक्टर आहे आणि रेसकोर्सवर काम करते, एवढं समोरच्याला कळलं की प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. आधी, आज कोण जिंकणार. मग घोडे घड्याळाच्या काट्यासारखे पळतात की उलटे. मग चाबूक जोरात लागतो का. आणि मग आवाज जरा खाली आणून, पाय मोडला की मारूनच का टाकता हो तुम्ही. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन विषय बदलायचा मला आता कंटाळा आलाय, तर तुम्हीही घोडे कुठल्या बाजूने पळतात ते विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

कोण जिंकणार ते मला माहीत नसतं. माहीत असतं तरी सांगितलं नसतं, नोकरी गेली असती.

दिशा. दोन्ही. हे उत्तर ऐकून लोक नाराज होतात, त्यांना एकच काहीतरी हवं असतं. अमेरिकेत घोडे डावीकडे वळत पळतात, म्हणजे घड्याळाच्या उलट. इंग्लंडमध्ये मात्र जसा ट्रॅक तशी दिशा, डर्बी नावाची मोठी रेस होते ते एप्सम डावीकडे, अ‍ॅस्कॉट उजवीकडे, न्यूमार्केटचा रौली माइल सरळसोट आणि विंडसरचा ट्रॅक चक्क इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे तिथे दोन्हीकडे वळा. पॅरिसचं लाँगशाँ उजवीकडे, हाँगकाँगचे शा टिन आणि हॅपी व्हॅली दोन्ही उजवीकडे, जपानात टोकियो डावीकडे तर नाकायामा उजवीकडे. ऑस्ट्रेलियात तर राज्य बदललं की दिशा बदलते, सिडनीला उजवीकडे आणि मेलबर्नला डावीकडे, त्यामुळे सिडनीचा घोडा मेलबर्न कपला न्यायचा म्हटलं की त्याला ती बाजू मानवेल का यावर ट्रेनर लोकांच्या चर्चा सुरू होतात.

आता अमेरिका उलटी का, तर केंटकीतल्या विल्यम व्हिटली नावाच्या माणसाची गोष्ट सांगतात, की स्वातंत्र्ययुद्धानंतर त्याने स्वतःच्या जमिनीवर ट्रॅक बांधला आणि इंग्रज उजवीकडे पळवतात ना, मग आपण डावीकडे, असं ठरवलं. गोष्ट छान आहे. पण न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क १९०५ ला सुरू झालं तेव्हा तिथे घोडे इंग्रजी पद्धतीने उजवीकडेच पळायचे आणि ते १९२१ पर्यंत चाललं, मॅन ओ वॉर नावाच्या घोड्याने १९२० ची बेलमाँट स्टेक्स ही रेस जिंकली तीही त्याच दिशेने. म्हणजे एका माणसाच्या रागाने अख्ख्या देशाची दिशा फिरली असं काही झालं नव्हतं. आणि ते हृदय डावीकडे असतं म्हणून डावीकडे वळणं सोपं जातं वगैरे जे फॉरवर्ड होत असतं, ते कृपा करून मला पाठवू नका. अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांचं हृदय काय उजवीकडे असतं?

चाबूक. आताचे चाबूक पॅड लावलेले असतात, किती वेळा वापरायचा याचे नियम असतात, ब्रिटनमध्ये २०२३ पासून अडथळे नसलेल्या सपाट रेसमध्ये सहा वेळा, नॉर्वेत १९८२ पासूनच मारून पळवायला बंदी आहे. बंदी सगळीकडे आली तर मला आनंदच होईल, पण घोड्याला कुठे दुखतं हे शोधायला मी चाबकापासून सुरुवात करणार नाही, एवढंच. वाढदिवस? उत्तर गोलार्धात सगळ्या रेसच्या घोड्यांचा १ जानेवारी, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्ट, जन्म कधीही होवो. श्वास? पूर्ण वेगात दर टापेला, म्हणजे चारही पाय एकेकदा टेकून होईपर्यंत, एक, त्यात त्याला निवड नाही, पाय आणि फुप्फुसं एकाच तालावर चालतात.

तर परत दिशेकडे, कारण मला खरं सांगायचंय ते तिथेच आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत लोक निघून गेलेले असतात.

घोडा गॅलपमध्ये, म्हणजे भरधाव, पळतो तेव्हा पुढच्या दोन पायांपैकी एक कायम दुसऱ्याच्या पुढे पडतो, त्याला लीड म्हणतात. उजव्या वळणावर उजवा पाय लीडला हवा, डाव्या वळणावर डावा, नाहीतर घोडा वळणावर अडखळतो, बाहेर फेकला जातो. सरळ पट्ट्यावर आला की शहाणा घोडा लीड बदलतो, टीव्हीवर नीट पाहिलंत तर शेवटच्या पट्ट्यात एका टापेत ते दिसतं, आणि बदलला की घोड्याला नवा दम आल्यासारखं वाटतं कारण थकलेल्या पायाला सुटका मिळते. माणसांत जसे डावखुरे असतात तसं घोड्यांनाही एक बाजू जास्त आवडते. आणि हे सगळं महत्त्वाचं अशासाठी, की प्रत्येक टापेत असा एक क्षण येतो जेव्हा साडेचारशे-पाचशे किलोचं ते धूड एका पुढच्या पायावर असतं आणि त्या वेगात त्या पायावर वजनाच्या जवळपास अडीचपट भार येतो. एक टनाच्या वर. पुढच्या गुडघ्याखाली तर स्नायू जवळजवळ नाहीतच, हाड, टेंडन आणि कातडी.

म्हणून शेवटचा प्रश्न. माझं पाठ झालेलं उत्तर असं: घोडा झोपून राहू शकत नाही, एक पाय गेला की वजन बाकीच्यांवर येतं, मग चांगल्या पायाच्या खुरात लॅमिनायटिस होतो, म्हणजे आतलं हाड खुरापासून सुटायला लागतं, आणि ते दुखणं मोडलेल्या पायापेक्षा वाईट असतं. बार्बारो नावाच्या घोड्याचं हेच झालं. २००६ ची केंटकी डर्बी जिंकला, दोन आठवड्यांनी प्रीकनेस नावाच्या रेसमध्ये उजव्या मागच्या पायाचे वीसच्या वर तुकडे, पैसा आणि सर्जन यांची कमतरता नव्हती, आठ महिने झुंजला आणि जानेवारी २००७ मध्ये लॅमिनायटिसमुळेच त्याला कायमचं झोपवावं लागलं. आणि पाय मोडला की मारतातच हेही खरं नाही, काही फ्रॅक्चर स्क्रू घालून जुळतात आणि घोडे परत पळतातही. हे सगळं बरोबर आहे, मी आजही असंच सांगते. पण ज्या दिवसापासून हे सांगताना माझी जीभ अडखळायला लागली तो दिवस वेगळा आहे.

उजवीकडे वळणारा ट्रॅक होता, आम्ही घोड्यांच्या मागून गाडीत, मी ड्रायव्हरच्या शेजारी, बॅग मांडीवर. शेवटचं वळण संपता संपता मधल्या घोळक्यातली एक घोडी अचानक वर-खाली झाली. नाव लिहीत नाही. चार वर्षांची, तांबूस, कपाळावर वेडावाकडा पांढरा पट्टा. जॉकी चांगला होता, त्याने तिला खेचून थांबवलं आणि खाली उडी मारून लगाम धरून उभा राहिला. आम्ही पोहोचलो तेव्हा ती रेलिंगपाशी तीन पायांवर उभी होती, डावा पुढचा पाय खुराच्या वरच्या सांध्यात, ज्याला फेटलॉक म्हणतात, तिथून खाली बसलेला, आणि घोडी मान लांब करून रेलिंगखालचं गवत ओढत होती. त्या क्षणाला अंगात एवढं अ‍ॅड्रेनलिन असतं की पायाचं काय झालंय ते तिच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं. मला हे माहीत आहे. बघणाऱ्याला माहीत नसतं.

तिची देखभाल करणारा सईस समोरच्या बाजूने ट्रॅक ओलांडून पळत आला, खांद्यावर मोहरकी, धाप लागलेली. दोन वर्षांची होती तेव्हापासून तीच त्याच्याकडे होती. तो म्हणाला, "मॅडम, उभी आहे ना ती. गवत खातेय बघा."

मी खाली बसून पाय हातात घेतला. सांध्यामागची दोन्ही छोटी हाडं गेलेली, तुकडे कातडीखाली बोटांना लागत होते, खाली नाडी लागेना. मी गुंगीचं इंजेक्शन दिलं, पायाला स्प्लिंट चढवला, तोवर माणसांनी हिरवे पडदे उभे केले. ट्रेनर फोनवर मालकाशी बोलत होता, मालक म्हणाला डॉक्टर म्हणतील तसं. जॉकी म्हणाला तुम्ही बघा. ट्रेनरने माझ्याकडे पाहिलं. फक्त सईस म्हणत होता, "पाय बांधा, मी धरून उभा राहतो, सहा महिने म्हणाल तर सहा महिने राहतो, रात्रीचापण राहतो."

मी त्याला रफियनबद्दल सांगू शकले असते. १९७५, बेलमाँट, तोवर एकही रेस न हरलेली घोडी, उजवा पुढचा पाय मोडला, ऑपरेशन झालं, आणि भूल उतरताना ती आडवी पडल्या पडल्याच पळायला लागली, रेस अजून चालू असल्यासारखी, प्लास्टर फोडून पाय परत मोडून घेतला. पण हे पडद्याआड उभं राहून सांगायची गोष्ट नाही. मी फक्त "नाही होणार" म्हणाले. तो थांबला, मग त्याने तिच्या तोंडातला लोखंडी लगाम काढला आणि आपली मोहरकी चढवली, लगाम तोंडात असताना नको म्हणाला. गवत अजून दातात होतं. मी मानेच्या शिरेत इंजेक्शन दिलं.

नंतर मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून फॉर्म भरत होते, पुढची रेस उभी होती, सगळ्यांना घाई. तो मोहरकी हातात गुंडाळत आला आणि म्हणाला, "मॅडम, हिला उजवीकडे कधी आवडलंच नाही. तबेल्यातून बाहेर पडली की डावीकडेच वळायची. वळणावर पाय बदलायला उशीर करायची, मी सांगितलं होतं." मी मान वर न करता म्हणाले, "दिशेचा काही संबंध नाही."

त्या दिवशीच्या मॅडमशी, म्हणजे स्वतःशीच, माझं आजही भांडण चालू असतं, आणि गंमत म्हणजे तिची बाजू कमजोर नाहीये. एका घोडीवरून काही सिद्ध होत नाही. डावीकडे पळवणाऱ्या देशांत पाय मोडतात, उजवीकडे पळवणाऱ्यांतही मोडतात, सरळ पट्ट्यावरही मोडतात. वळणावर बाहेरच्या पायावर भार येतोच, लीड बरोबर असला तरी येतो, आणि तिचा बाहेरचाच पाय गेला. सईसाला कोणावर तरी राग काढायचा होता आणि दिशेवर काढला, माणूस असंच करतो.

पण मग दुसरी बाजू. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन करतात, आणि त्यातून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे आली, की हाड जिथे तुटतं तिथे बहुतेक घोड्यांत आधीपासून बारीक इजा असते. म्हणजे पाय रेसमध्ये मोडतो पण मोडायला सुरुवात झालेली असते कितीतरी आधी, रोज सकाळच्या कामात, त्याच वळणावर, त्याच पायावर हजारो वेळा तोच भार घेऊन. २०१९ मध्ये तिथल्याच सांता अनिता रेसकोर्सवर ओळीने घोडे मेले, त्यानंतर तिथे उभ्या घोड्याच्या पायाचं पेट स्कॅन करायचं मशीन बसवलं, ते ह्याच बारीक इजा शोधायला. मग एखादी घोडी रोज कुठल्या बाजूने वळते आणि कुठल्या पायावर वळते हा प्रश्न वेडगळ कसा? रोज सकाळी तिला हाताने धरून फिरवणाऱ्या माणसाने तो विचारला म्हणून?

तो बरोबर होता असं मी म्हणत नाहीये, हे वाचून कोणी तसं सांगत सुटू नका. मला ते कळलेलं नाही आणि त्या एका पायावरून कधी कळणारही नाही.

घोड्यांना पळायला आवडतं का, हाही प्रश्न असतोच. आवडतं. मोकळ्या कुरणात सोडलेली शिंगरं पाहा, कोणी सांगत नाही तरी चौखूर उधळतात. पण तीच शिंगरं मनात आलं की थांबतात, वळतात, चरायला लागतात, आणि रेसमध्ये यातलं काही करायची मुभा नसते, तेव्हा कुरणातल्या पळण्यावरून रेसचं समर्थन करणारे माझे सहकारी मला पटत नाहीत. आणि एकदाही तबेल्यात पाऊल न टाकता मला खुनी म्हणणारेही पटत नाहीत, त्यांनी लॅमिनायटिस झालेला घोडा पाच मिनिटं बघावा आणि मग इंजेक्शन कोणी द्यायचं ते सांगावं.

मग तुम्ही हे सोडत का नाही, असंही आता विचारायला लागलेत लोक. मी नसले तरी ती गाडी घोड्यांच्या मागून जाणारच आहे, तर त्यात पाय बघता येणारी व्यक्ती असलेली बरी, असं मी सांगते. उत्तर लंगडं आहे, मला माहीत आहे, माझ्या मुलीने ते दोन वाक्यांत खोडून काढलं होतं. सध्या मी एवढंच करते की रेसच्या सकाळी घोडे तपासताना, पाय दाबून, चालवून, दौडवून झालं की सईसाला विचारते, ह्याला कुठली बाजू आवडते, आणि कागदावर लिहून ठेवते. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, मी मार्जिनमध्ये लिहिते. सहकारी हसतात. बरेचसे सईस मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतात.